बाळाला घेऊन फाइन डाइनिंगला जाताना (वय ४ महिने ते दीड वर्ष)

सुपारीफूल

उडप्याकडे किंवा थाळीच्या हॉटेलात बाळाला नेताना फारसं काही अडत नाही. अर्ध्या तासात जेवण उरकतं, गोंगाट आधीच असतो, टेबलावर सनमायका असतो. पांढरा टेबलक्लॉथ, माणशी दोन-तीन काचेचे ग्लास, दोन-अडीच तासांचं जेवण आणि माणशी तीन-चार हजारांचं बिल अशा ठिकाणी मात्र सगळं गणित बदलतं. लग्नाचा वाढदिवस, आजोबांची पंचाहत्तरी अशा निमित्ताने ते जेवण ठरतंच.

इथे नेमकी माहिती गोळा करू या. बुकिंगच्या वेळी काय विचारायचं, टेबल कुठलं मागायचं, खुर्ची, बाळाचं खाणं, दूध, डायपर. आपापल्या पिल्लांचे किस्से कृपया दुसऱ्या धाग्यावर.

पासवरचा

रेस्टॉरंटच्या बाजूने लिहितो.

ॲपवर बुकिंग करताना 'लहान मूल सोबत आहे' अशी टीप टाकून भागत नाही. ती शिफ्टच्या ब्रीफिंगपर्यंत पोचेलच असं नाही. फोन करा, आणि तो दुपारी चार ते साडेसहाच्या दरम्यान करा. लंच आटोपलेला असतो, डिनर सुरू व्हायचा असतो, आणि पलीकडचा माणूस टेबलांचा नकाशा समोर ठेवून बोलू शकतो. रात्री नऊला फोन केलात तर "हो हो, नो प्रॉब्लेम" एवढंच ऐकू येईल.

विचारा: वयाची अट आहे का? बार मोठा असेल तर दुपारी मुलं चालतात आणि रात्री आठनंतर चालत नाहीत, असं बऱ्याच ठिकाणी असतं. डीजे किंवा लाइव्ह म्युझिक कोणत्या वारी आणि किती वाजता सुरू होतं? हाय चेअर किती आहेत आणि त्यांचे पट्टे शाबूत आहेत का? (एकच खुर्ची असेल तर ती तुमच्या नावावर लिहून ठेवायला सांगा.) स्मोकिंगची जागा कुठे आहे? ३० किंवा त्याहून जास्त आसनं असलेल्या रेस्टॉरंटला वेगळी धूम्रपानाची जागा ठेवता येते. गच्चीतलं फोटोत छान दिसणारं टेबल नेमकं तिच्या दाराशी असू शकतं. लिफ्ट आहे का, हेही विचारा. जुन्या इमारतींतल्या चांगल्या जागा पहिल्या मजल्यावर आणि लाकडी जिन्याच्या असतात.

वेळ उघडण्याची घ्या. सात-साडेसातला दार उघडलं की पाऊण-एक तास किचन जवळपास रिकामं असतं. मुंबई-पुण्यात खरी गर्दी पावणेनऊनंतर. तीच डिश साडेसातला १५ मिनिटांत येते आणि साडेनऊला ३५ मिनिटांत. दुपारचं जेवण त्याहून बरं. उजेड असतो, संगीत हळू असतं, आणि बऱ्याच ठिकाणी लंचचा सेट मेनू स्वस्तही पडतो.

टेस्टिंग मेनूवाल्या जागा मात्र सोडा. आठ-दहा कोर्स, अडीच-तीन तास, आणि सगळ्या टेबलांना एकाच लयीत वाढणं. तिथे 'आमचं जरा लवकर आणा' म्हणायची सोयच नसते.

खमंगकाकडी

टेबलाबद्दल पण लिहा ना. "कोपऱ्यातलं द्या" म्हटलं की किचनच्या दाराशी बसवतात.

पासवरचा

@खमंगकाकडी, कोपरा म्हणू नका. "भिंतीकडचं, सर्व्हिसच्या दारापासून आणि एसीच्या झोतापासून लांब" असं म्हणा.

हाय चेअर टेबलाच्या टोकाला लावली की ती येण्याजाण्याच्या वाटेत येते. मागून ट्रे घेऊन येणाऱ्या स्टुअर्डला ती दिसत नाही, आणि ट्रेवर सूप असतं. खुर्ची भिंतीच्या बाजूला आणि तिच्याजवळ घरचं एक माणूस, ही मांडणी सर्वांत सुरक्षित. म्हणून चौघांसाठी सहा जणांचं टेबल मागा. रेस्टॉरंटं साडेसातच्या स्लॉटला देतात, नऊच्या स्लॉटला देत नाहीत. दोन्हीकडे उंच पाठीचे सोफे असलेलं बूथ नको, त्यात हाय चेअर शिरत नाही. एका बाजूला भिंतीलगत सोफा आणि समोर सुट्या खुर्च्या ही रचना उत्तम. झोपलेल्या बाळाला सोफ्याच्या आतल्या बाजूला ठेवता येतं, अर्थात शेजारी हात ठेवून.

बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे बाळासमोरचा अर्धा मीटर मोकळा करायचा. ग्लास, मेणबत्ती, सुरी, फुलदाणी, टूथपिक सगळं उचलायला सांगा. टेबलक्लॉथची लोंबणारी कड बाळाच्या बाजूने आत दुमडा, किंवा कापडच काढायला सांगा. एका हिसक्यात अख्खं टेबल खाली येतं, हे काही बाळ ठरवून करत नाही.

दुधाचेदात

खुर्चीबद्दल थोडं. आधाराशिवाय बसता येत नसेल तर हाय चेअर नाहीच. बहुतेक बाळांना हे सहा महिन्यांच्या आसपास किंवा थोडं नंतर जमतं. रेस्टॉरंटांत लाकडी, एकावर एक रचता येणाऱ्या, ट्रे नसलेल्या खुर्च्या जास्त असतात. त्यात तीन गोष्टी बघा. चारही पाय टेकतात का, कमरेचा पट्टा लागतो का, आणि दोन पायांमधली दांडी किंवा पट्टा आहे का. तिसरा नसेल तर बाळ खाली घसरतं आणि कमरेचा पट्टा छातीवर, मग गळ्याशी येतो. ओढणी बांधून काम भागवतात त्यातही हाच धोका आहे. शिवाय गाठ घाईत सुटत नाही.

बाळाचे पाय टेबलाच्या दांडीला किंवा मधल्या खांबाला टेकत नाहीत ना, तेही पाहा. टेकले की ते जोर लावून मागे रेटतं आणि खुर्ची उलटू शकते.

टेबलाला अडकवायची घडीची खुर्ची इथे सहसा चालत नाही. काचेचं टेबल, एका खांबावरचं गोल टेबल, कापड घातलेलं टेबल या तिन्हींवर ती लावू नये. आणि महागड्या रेस्टॉरंटात नेमकी हीच टेबलं असतात! सक्शनचे (तळाने टेबलाला चिकटणारे) वाडगेही कापडावर किंवा खडबडीत लाकडावर चिकटत नाहीत. ते घरीच ठेवा, सिलिकॉनची घडी होणारी चटई न्या.

सहा महिन्यांखालच्या बाळासाठी सपाट झोपवता येणारी बाबागाडी बरी. ब्रेक लावा. हँडलला डायपरची जड पिशवी अडकवून बाळ उचललं की गाडी मागे कलंडते.

कोकमकढी

विरोधी मत मांडते, राग मानू नका. बाकीचे लोकही पैसे मोजूनच आलेले असतात. शांत संध्याकाळ हाही त्यांच्या बिलाचा भाग आहे. बाळाला तिथे काय मजा?

सांजवेळ

कोकमकढी, यावरची जगभर गाजलेली चर्चा शिकागोच्या अलिनिया या महागड्या रेस्टॉरंटची. जानेवारी २०१४मध्ये तिथले शेफ ग्रँट अ‍ॅकेट्झ यांनी ट्विट केलं की एका टेबलावर आठ महिन्यांचं बाळ आलंय, रडतंय, बाकीचे वैतागलेत, मुलांना मनाई करावी का? सगळे त्या आईबापांवर तुटून पडले. पण त्यातला व्यवहाराचा धडा वेगळा आहे. तिथे तिकिटं आगाऊ विकली जात, परतावा नव्हता, आणि त्या जोडप्याची बेबीसिटर ऐनवेळी आली नव्हती. पैसे अडकले की माणूस न जमणारी गोष्टही रेटतो.

म्हणून आगाऊ पैसे भरायचे असतील तर बुकिंग पुढे ढकलता येतं का, दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, किती तास आधी कळवावं लागतं, हे आधी विचारा. आपल्याकडेही हल्ली माणशी डिपॉझिट घेणाऱ्या जागा वाढल्यात. बाळाला त्या दिवशी ताप असेल तर जायचंच नाही, हे डिपॉझिट बुडेल असं धरूनच ठरवा.

पासवरचा

कोकमकढी यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. स्टाफला बाळ रडल्याचा त्रास होत नाही, ते रडतंय आणि कोणी उठत नाहीये याचा होतो. साधारण अर्ध्या मिनिटात शांत झालं नाही तर एकाने उचलून बाहेर जायचं. कोण जाणार हे आधीच ठरवा, नाहीतर दोघेही एकमेकांकडे बघत बसतात. लॉबी, पॅसेज, बाहेरचा पोर्च, यातलं काय उपलब्ध आहे ते आत शिरतानाच पाहून ठेवा. पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटचा हा मोठा फायदा. फिरायला लॉबी मिळते, स्वच्छतागृह मोठं असतं, आणि कॉफी शॉपचं किचन रात्रंदिवस चालू असतं. हॉटेलात नसलेल्या स्वतंत्र रेस्टॉरंटात दार उघडलं की थेट रस्ता.

मोबाइलवर कार्टून लावायचंच असेल तर आवाज बंद. याबाबतीत मात्र शेजारच्या टेबलाचा संताप अगदी रास्त आहे.

फोडणीचीवाटी

आता किचनकडे वळू. "तिखट नको" एवढं सांगून बाळाचं जेवण होत नाही. मीठ राहतंच.

पहिल्या वर्षात दिवसभरात मिळून १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. रेस्टॉरंटचे बेस आधीच तयार असतात: मखनी ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, स्टॉक. त्यात मीठ पडलेलं असतं, ते नंतर काढता येत नाही. दाल मखनी रात्रभर शिजलेली, तिच्यात लोणी आणि क्रीम. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू आणि मगज (टरबुजासारख्या फळांच्या बिया). मॅश्ड पोटॅटोत लोणी, क्रीम, मीठ तिन्ही. आणि एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: 'बॉइल्ड व्हेजिटेबल्स' म्हणून जे येतं ते बहुधा चांगल्या खारट पाण्यात ब्लांच केलेलं, म्हणजे थोडा वेळ उकळून काढलेलं असतं. पास्ताचं पाणीही तसंच.

मग मागायचं काय? कॅप्टनला (ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वाढप्याला) केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहायला सांगा, शब्द नेमके वापरा:

"गाजर, बटाटा, फरसबी वाफवून, मीठ-लोणी नाही, काट्याने चिरडता येईल इतकं मऊ."
"साधा भात, आणखी पाणी घालून सात-आठ मिनिटं जास्त शिजवून." रेस्टॉरंटचा बासमती मोकळा हवा म्हणून टणक ठेवतात, बाळाच्या हिरड्यांना तो झेपत नाही.
"तूरडाळ, फोडणीआधीची." पण डाळ शिजवतानाच मीठ घातलंय का हे विचारा. बऱ्याच किचनांत हळद-मीठ कुकरमध्येच पडतं. तसं असेल तर डाळ सोडा, भात आणि ताजं दही घ्या.
वाफवलेलं पापलेट चालेल, पण काटे नुसते ताटलीत बघून नाही, मासा बोटांनी चिवडून तपासायचे.

खिचडी नव्याने टाकली तर २५-३० मिनिटं लागतात. ती बुकिंगच्या वेळी सांगून ठेवा, किंवा बसल्या क्षणी. तुमचं मेनू वाचणं नंतर.

न मागायच्या गोष्टी: मध असलेलं काहीही, एक वर्षाच्या आत अजिबात नाही. मधातले बॉट्युलिझमचे बीजाणू शिजवूनही नक्की मरतील याची खात्री नाही. सॅलड ड्रेसिंग, ग्लेझ, डेझर्ट यांत तो लपलेला असतो. ज्या पदार्थाची बाळाला ओळख नाही तो पहिल्यांदा रेस्टॉरंटात नको. काजू, शेंगदाणा, तीळ, अंडं, कोळंबी यांची पहिली चव घरी, दिवसाउजेडी. द्राक्षं आणि चेरी टोमॅटो उभे चार भाग करूनच. बडीशेपेची वाटी टेबलावर आली की उचलून परत द्या.

दुधाचेदात

+१. नाटकी सर्व्हिसबद्दलही सांगायला हवं. सिझलर, टेबलाशी पेटवलेलं डेझर्ट, ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) धूर. हे सगळं मागवायचंच असेल तर बाळाच्या विरुद्ध टोकाला ठेवायला सांगा. मार्च २०२४मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत ड्राय आइस मुखशुद्धी म्हणून दिला गेला आणि मोठी माणसं रुग्णालयात पोचली होती. पेल्यातून खाली पडलेला तुकडा रांगत्या मुलाला खडीसाखरेसारखाच दिसतो.

चहा-कॉफी ओतल्यावर १५ मिनिटांनीही बाळाची त्वचा भाजू शकते. शेवटी बोटं धुवायला येणारा फिंगर बोलही कधी कधी कढत असतो. मांडीवर बाळ असताना गरम पेय हातात घ्यायचं नाही, आणि वाढणाऱ्याला बाळाच्या डोक्यावरून हात नेऊ द्यायचा नाही.

घास अडकला आणि बाळाला खोकता-रडता येत नसेल: एक वर्षाखाली डोकं खाली करून हातावर पालथं धरा, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. पुन्हा तेच. तोंडात अंदाजाने बोट घालू नका. या वयात पोट दाबायचं नाही. बाकीच्यांपैकी एकाने लगेच १०८ला फोन. हे बाहेर जाण्याआधी शिकून घ्यायचं, रेस्टॉरंटात शोधत बसायचं नाही.

उंबरझाड

पावडरचं दूध कसं न्यायचं? तयार करून थर्मासमध्ये चालेल का?

दुधाचेदात

उंबरझाड, नाही. कोमट दूध तासन्‌तास ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. पावडर स्वतः निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान ७० अंश सेल्सिअस हवं. घरून न्यायचं ते असं: मोजलेली पावडर कोरड्या डबीत, निर्जंतुक केलेली रिकामी बाटली, आणि चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी. थर्मास आधी गरम पाण्याने तापवून घ्या, नाहीतर पहिल्या मिनिटालाच पाणी निवायला लागतं.

टेबलावर आधी पाणी मोजून घाला, मग पावडर, हलवा आणि थंड करा. थंड करायला फाइन डाइनिंगमध्ये एक आयती सोय असते: वाइनची आइस बकेट. बर्फ-पाण्यात बाटली मानेखालपर्यंत बुडवा, मध्ये मध्ये फिरवा, काही मिनिटांत निवते. बाहेरून पुसून मनगटावर थेंब टाकून बघा. बाळाने प्यायला सुरुवात केल्यापासून तासाभराने उरलेलं फेकायचं. न उष्टावलेलं दूध खोलीच्या तापमानाला दोन तास. बाटलीबंद मिनरल वॉटरही पावडरीसाठी उकळावंच लागतं.

काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, बर्फाचे पॅक असलेल्या पिशवीत २४ तास. मुंबईच्या मे महिन्यात गाडीतल्या पिशवीला '२५ अंश' म्हणत नाहीत, हे लक्षात असू द्या. गरम करायला सूपच्या बोलमध्ये गरम पाणी मागवा. किचनला मायक्रोवेव्हमध्ये द्यायचं नाही. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा भाग पोळणारा असतो.

टपोरमोगरा

अंगावर पाजणाऱ्या आईने वाइन घेतली तर?

दुधाचेदात

न घेणं सर्वांत सुरक्षित. घेतलीच तर एका ड्रिंकनंतर किमान दोन तास थांबून पाजावं. आधी पाजून मग ग्लास, हा क्रम. दूध काढून फेकल्याने मद्य लवकर उतरत नाही. रक्तातलं कमी होतं तसं दुधातलं होतं.

पाजताना भिंतीकडे पाठ आणि दालनाकडे तोंड नको, उलट बसा. तोंड भिंतीकडे असलं की बाळाचंही लक्ष उडत नाही.

टेम्सकाठचा

लंडनमधून. इथे अंगावर पाजणाऱ्या आईला उठायला किंवा झाकून घ्यायला सांगणं इक्वॅलिटी ॲक्ट २०१०खाली भेदभाव ठरतो. वाद घालायची वेळ सहसा येत नाही. इथली अडचण वेगळी: बरेच ठिकाणी टेबल दीड-दोन तासांसाठीच मिळतं. बुकिंगच्या मेलमध्ये परत करायची वेळ लिहिलेली असते. बाळ झोपलं म्हणून रेंगाळता येत नाही.

पासवरचा

टोकियोला जाणाऱ्यांनी सुशी काउंटरचा नाद सोडावा. 'कोशित्सु' म्हणजे वेगळी खोली मागावी. तातामीची (गवती चटयांची) असेल तर चपला काढून खालीच बसायचं असतं, बाळ चटईवर लोळू शकतं. आपल्याला ती बैठक परकी नाही.

खमंगकाकडी

डायपर बदलायचं टेबल किती ठिकाणी असतं?

सांजवेळ

स्वतंत्र रेस्टॉरंटांत फार थोड्या, आणि असलं तर महिलांच्या स्वच्छतागृहातच. म्हणजे बाबा मोकळे! मॉलमधल्या रेस्टॉरंटात गेलात तर मॉलची बेबी केअर रूम कुठल्या मजल्यावर आहे ते आधी बघा. काहीच नसेल तर निघण्यापूर्वी घरी किंवा गाडीच्या मागच्या सीटवर बदला. सोफ्यावर नाही, शेजारचा जेवतोय. वापरलेला डायपर दोन पिशव्यांत गाठ मारून स्वच्छतागृहाच्या मोठ्या डब्यात. भिंतीवरचं घडीचं टेबल असेल तर उघडून आधी हाताने दाबून बघा, बिजागरी सैल झालेली असते.

डायपरची पिशवी गाडीत ठेवून किल्ली व्हॅलेला (गाडी लावून देणाऱ्याला) देऊ नका. गर्दीच्या वेळी गाडी परत यायला १०-१५ मिनिटं जातात. त्या पिशवीत बाळाचे दोन कपडे आणि मोजे हवेत, एसी बहुधा कडक असतो. शिवाय मोठ्यांसाठी एक जादा शर्ट.

उंबरझाड

ऑर्डर कशी द्यावी? बाळाचं आधी की सगळ्यांचं एकदम?

पासवरचा

बाळाचं खाणं बसल्या बसल्या. मोठ्यांचे स्टार्टर आणि मेन कोर्स एकाच वेळी सांगा, पण "मेन कोर्स आम्ही सांगू तेव्हा फायर करा" (म्हणजे बनवायला घ्या) असंही सांगा. नाहीतर सगळं एकदम येऊन टेबलावर जागा उरत नाही. बाळ कुरकुरायला लागलं की कॅप्टनला खूण करा, तेव्हापासून १५-२० मिनिटं धरा. अख्खी रान (मटणाची तंगडी), ताजी लावलेली दम बिर्याणी, सूफ्ले (अंड्याचा फुगवून भाजलेला पदार्थ) यांना त्याहून जास्त लागतात, ते टाळा. बिल मेन कोर्सबरोबरच मागवा. डेझर्ट हवं असेल तर पॅक करून घ्या, आइस्क्रीम सोडून.

एकूण सव्वा तास. त्यापलीकडे गेलात तर ती वरकमाई समजा.

कोकमकढी

आणि खाली सांडलेलं? भाताची शितं मखमली सोफ्यात घुसतात.

फोडणीचीवाटी

मोठे तुकडे स्वतः उचला, ओल्या टिश्यूने कार्पेट घासू नका. घासलं की हळद आत जाते. स्टाफला दाखवून द्या, त्यांच्याकडे कोरडी पावडर आणि व्हॅक्यूम असतो. बाळाला बीट आणि पालक तिथे नकोच.

टिप वेगळी आणि रोख द्या, ज्याने साफ केलं त्याच्या हातात. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं तशी आहेत, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तो काढून तेवढेच पैसे थेट त्या माणसाला दिलेत तर त्याच्यापर्यंत नक्की पोचतात.